ओवाळणीतली किल्ली

माझ्या मामांनी आयुष्यात परक्याच्या सुतळीच्या तोड्यालाही हात लावला नाही. दुसऱ्याच्या हक्काला त्यांच्याइतकं जपणारा माणूस अख्ख्या मंगळवार पेठेत नव्हता, असं त्यांच्या शोकसभेत तिघाचौघांनी उभं राहून सांगितलं. सांगितलं त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला जात होती.

मामा दिवसा कोर्टात वकिली करायचे आणि संध्याकाळी लॉ कॉलेजात मालमत्तेचा कायदा शिकवायचे. लग्न केलं नव्हतं. उंच, काटकुळा देह, कोपरावर झिजून चकाकणारा काळा कोट आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली किल्ल्यांची जुडी. आंघोळीलासुद्धा ती जुडी गळ्यातून निघत नसे. कोर्टात आणि वर्गात ते पुस्तकातलं मराठी बोलत. घरीही तेच. पेठेतली भाषा त्यांच्या तोंडून फक्त तोल गेल्यावर यायची, आणि त्यांचा तोल मी जन्मात एकदाच गेलेला पाहिला.

जगातली माणसं त्यांच्या लेखी चार प्रकारची होती. मालक, भाडेकरू, वहिवाटदार आणि परवानगीनं आलेला. मालकाचं सगळंच असतं. भाडेकरू भाडं देतो, म्हणून त्याला सहजासहजी उठवता येत नाही. वहिवाटदार वर्षानुवर्षं एखाद्या वाटेनं जातो, म्हणून ती वाट त्याला बंद करता येत नाही. चौथ्याला मात्र काहीच नसतं. मालक राहू देईल तोवर त्यानं राहायचं आणि जा म्हणाला की जायचं. हे सांगताना मामांचं एक बोट छताकडं असायचं.

मी आणि आई त्या चौथ्या प्रकारात होतो.

मामांच्या तऱ्हा आठवल्या की माणसं आजही हसतात. कॉलेजातल्या एका सहकाऱ्यानं भर पावसात त्यांच्याकडं छत्री मागितली, तर मामा छत्री घट्ट धरून म्हणाले, "देतो. पण मी काय देतोय ते नीट समजून घ्या. मी ताबा देतोय, मालकी नाही." तो बिचारा भिजत घरी गेला. जेवायला ते पेठेतल्याच एका खानावळीत जायचे. तिथं कोपऱ्यातल्या एका पाटावर ते नेहमी बसत. खानावळवाली मावशी एकदा कौतुकानं म्हणाली, "बसा की वकीलसाहेब, ह्यो पाट तुमचाच हाय!" दुसऱ्या दिवसापासून मामांनी जागा बदलली, आणि मग रोजच बदलत राहिले. "रोज एकाच पाटावर बसलं की तो आपला वाटायला लागतो," ते मला म्हणाले, "आणि वाटायला लागलं की तिथून उठवत नाही." मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं.

आमच्या घराच्या मागं एक बुकबाइंडर राहायचे. सगळी पेठ त्यांना चाचा म्हणायची. खळीचा आणि कातड्याचा वास त्यांच्या अंगाला कायमचा चिकटलेला. मामांची कायद्याची पुस्तकं तेच बांधून द्यायचे. त्यांच्या घराला रस्त्यावर यायला एकच वाट होती, आमच्या घराच्या भिंतीलगतचा बोळ. तो बोळ आमच्या जागेत होता. चाचा त्यातून जाताना चप्पल हातात घ्यायचे आणि बोळाच्या तोंडाशी येऊन हळूच खाकरायचे.

एका रविवारी मामांनी त्यांना हाक मारून ओट्यावर बसवलं.

"या बोळातून तुम्ही किती वर्षं जाता?"

"अब्बांच्या येळंपास्नं जातोय की साहेब."

"मला विचारून जाता?"

चाचांचा चेहरा उतरला. "न्हाय... इचाराय पायजे हुतं व्हय? चुकलंच म्हणायचं."

"अजिबात विचारू नका!" मामा ओरडलेच. "विचारलंत की ती परवानगी झाली, आणि परवानगी काढून घेता येते. न विचारता उघडपणे जात राहिलात म्हणून तुमचा हक्क तयार झालाय. उद्या मी इथं भिंत घातली तर माझ्यावर दावा लावा. मी हरेन."

"तुमच्यावर दावा?" चाचा उठून उभेच राहिले. "काय बोलताय साहेब!"

"आणि ते खाकरणं बंद करा. खाकरणं म्हणजे परवानगी मागणंच आहे."

चाचांनी खाकरणं बंद केलं. चप्पल मात्र हातातच राहिली. आईला ते म्हणाले, "आक्का, तुझा भाऊ देवमानूस हाय. सोताच्या जागंतला हक्क दुसऱ्याला कोन सांगतंय?" आईला धन्य धन्य वाटलं. संध्याकाळी तिनं मामांसाठी वाटीभर कांदालसणाची चटणी नेली. मामांनी वाटी घेतली आणि लगेच आतून एक लिंबू आणून तिच्या हातावर ठेवलं.

या लिंबाची गोष्ट सांगायला हवी. माझे वडील मुरगूडला शाळामास्तर होते. ते तापानं गेले तेव्हा मी शाळेतही जात नव्हते. आई मला घेऊन माहेरी आली. घर आजोबांनी गुळाच्या अडतीत उभी हयात घालवून बांधलेलं, आणि आजोबा त्याच्या वर्षभर आधी झोपेतच गेलेले. मागं राहिली दोन भावंडं. मोठी माझी आई, तिला सगळे आक्का म्हणत, आणि धाकटे मामा, तिचे आप्पा. त्यांची आई लहानपणीच वारली होती. आप्पाला कडेवर घेऊन घेऊन आपली कंबर एका अंगाला कलली, असं आई हसत सांगायची.

मामांनी आम्हाला न्हाणीघराशेजारची मागली खोली दिली. आई म्हणाली, "आप्पा, शिवणकाम करून दर महिन्याला काय तरी देत जाईन." मामांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. भाडं घेतलं की ती भाडेकरू होणार. बरं, भाडं नको तर मग आप्पाचा सैपाक तरी करते, खानावळीचं कशाला खायचं? तेही नको. जागेच्या बदल्यात काम म्हणजे भाडंच. नात्यात घोळ नको, चूल वेगळीच बरी. म्हणून मग आईनं चटणी दिली की लिंबू, लाडू दिला की केळं, स्वेटर विणून दिला तेव्हा तर छापील साडी. काहीही बाकी ठेवायचं नाही. आई आमच्या स्टोव्हवर पिठलं टाकायची तेव्हा त्याचा वास पुढच्या सोप्यात जायचा. मामा तो वास घेत छत्री उचलून खानावळीत जायचे. आई दारात उभी राहून त्यांच्या पाठीकडं बघत राहायची आणि मग आम्ही दोघी गुपचूप जेवायचो.

खोलीत खिळा ठोकायचा नाही, हीही एक अट होती. "भिंतीत खिळा मालक ठोकतो," मामा म्हणाले. त्यामुळं वडिलांचा फोटो ट्रंकेवर भिंतीला टेकून ठेवलेला असायचा. ट्रंक उघडायची वेळ आली की वडिलांना उचलून अंथरुणावर निजवायचं, आणि झाकण लावलं की पुन्हा बसवायचं. माझ्या सगळ्या लहानपणात वडील कधी भिंतीवर गेले नाहीत.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे आमची दिवाळी.

पाडव्याच्या दुपारी आई खोली रिकामी करायची. ट्रंक, वळकटी, स्टोव्ह, शिलाईचं मशीन, वडिलांचा फोटो. सगळं उचलून बोळातून चाचांच्या पडवीत नेऊन ठेवायचं. मग खोलीला कुलूप घालून किल्ली मामांच्या हातात द्यायची. मामा कुलूप ओढून बघायचे, खिडकीतून आत डोकावायचे आणि म्हणायचे, "कब्जा मिळाला." ती रात्र आम्ही चाचांच्या घरी काढायचो. चाची आम्हाला शिरखुर्मा करून वाढायची. दिवाळीला शिरखुर्मा खाणारं पेठेतलं एकमेव घर आमचंच असावं.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. पुढच्या सोप्यात आई रांगोळी काढून पाट मांडायची. मामा काळा कोट घालून पाटावर बसत. कोट का, तर काम कायद्याचं होतं म्हणून. दारात चाचा साक्षीदार म्हणून उभे. आई ओवाळायची, आणि मामा गळ्यातल्या जुडीतून आमच्या खोलीची किल्ली सोडवून ओवाळणी म्हणून ताटात टाकायचे. "पुढच्या भाऊबीजेपर्यंत," ते म्हणायचे. यावर आईनं मोठ्यानं बोलायचं असे, "आप्पाच्या परवानगीनं ऱ्हातो." चाचा मान हलवायचे. मग आम्ही ट्रंक उचलून परत खोलीत.

"बारा वर्षं सलग कब्जा राहिला की मालकाची जागा जाते," मामांनी पहिल्याच वर्षी समजावलं होतं. "सख्खी भावंडं कोर्टात एकमेकांच्या उरावर बसलेली मी रोज बघतो. आपल्यात ते व्हायला नको, आक्का. हे मी नात्यासाठी करतोय."

"व्हय रे," आई म्हणाली, "तुला कायदा कळतोय. मला काय कळतंय त्यातलं?"

लहानपणी मला ती मोठी गंमत वाटायची. पुस्तकांच्या गठ्ठ्यांमध्ये झोपायचं, चाचीच्या हातचं खायचं. पुढं एका पाडव्याला माझ्या वर्गातली एक मुलगी नवं परकर-पोलकं घालून बोळाच्या तोंडाशी आली आणि डोक्यावर वळकटी घेतलेल्या मला म्हणाली, "आगं, घर सोडलासा व्हय?" मी नाही म्हणाले. मग काय चाललंय ते मला सांगता येईना. त्या दिवसापासून मला दिवाळी नको वाटायला लागली.

मी कॉलेज करून दिवसा एका कचेरीत टायपिंग करू लागले आणि संध्याकाळी कायदा शिकायचं ठरवलं. मामांना वाईट वाटलं नाही आणि आनंदही झाला नाही. "वर्गात मी तुझा मामा नाही," एवढंच म्हणाले. मी त्यांना वर्गात सर म्हणायचे. शिकवायचे मात्र अप्रतिम. रुक्षातलं रुक्ष कलम ते माणसं उभी करून सांगायचे, आणि पोरं तास संपला तरी उठायची नाहीत. हे लिहितानाही मला कबूल करावं लागतंय, की त्यांच्याइतका चांगला शिक्षक मला पुन्हा भेटला नाही.

एका संध्याकाळी वारसाहक्काचा तास होता. मामा नेहमीसारखे खिडकीबाहेर बघत बोलत होते.

"वडील मृत्युपत्र न करता वारले. घर स्वकष्टाचं. मागे एक मुलगा आणि एक विधवा मुलगी. मुलगी घराच्या मागल्या खोलीत राहते. तिचा दर्जा काय? भाडेकरू, परवानगीनं राहणारी, की मालक?"

त्यांनी माझ्याकडं बोट केलं. मी पाठ केलेलं म्हणावं तसं उभी राहून म्हणाले, "मालक, सर. अर्ध्या घराची. छप्पन्नच्या वारसा कायद्यानं मुलगा आणि मुलगी सारखेच वारस."

"वाटणी मागू शकेल?"

"नाही सर. राहतं घर आहे. भाऊ वाटणीला तयार होईपर्यंत तिला मागता येत नाही."

"मग तिच्या हातात काय?"

"राहण्याचा हक्क. ती विधवा..." आणि इथं मला त्यांचा प्रश्न पुन्हा ऐकू आला. मागली खोली. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

"उत्तम. बसा."

नेसरीहून येणारा एक दांडगा मुलगा मागून म्हणाला, "पण सर, भावानं 'माझ्या परवानगीनं ऱ्हातीया' असं तिच्याकडनं वदवून घेतलं तर?"

"स्वतःच्या घरात राहायला परवानगी लागत नाही," मामा म्हणाले. "सहमालकाला परवानगी देता येत नाही. दिली तरी ती हवेत जाते." आणि ते वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून त्याच्याखाली रेघ ओढली.

कॉलेजातून खासबागेवरून घरी कशी आले ते मला आठवत नाही. आई मशीनवर बसली होती. मी चप्पलही न काढता सगळं सांगितलं.

"मंजे काय?" आई म्हणाली.

"म्हणजे अर्धं घर तुझं आहे. आजोबा गेले त्या दिवसापासून. ती किल्ली, ती चाचांची पडवी, ते सगळं नाटक होतं आई. कायद्यात त्याला काडीचा अर्थ नाही."

"आप्पाला ठाऊक नसंल."

"त्यांनीच आज शिकवलं!"

आईनं मशीनचं चाक तळव्यानं थांबवलं. मला वाटलं, आता ही रडेल, नाहीतर उठून पुढच्या सोप्यात जाईल आणि त्यांच्या तोंडावर सगळं फेकेल. ट्रंकेवरच्या फोटोकडं बघत ती म्हणाली, "मग एक खिळा ठोकला तर चालतोय?"

अर्ध्या घराची मालकीण मला खिळ्याची परवानगी विचारत होती.

सकाळी तिनं चाचांकडून हातोडी आणली. भिंत जुनी, खिळा वाकडा गेला, पुन्हा ठोकला. ठोकण्याचा आवाज पुढं गेला आणि मामा अर्धी दाढी केलेले, गालाला साबण लागलेले, तसेच दारात आले.

"आक्का, हे काय?"

"खिळा."

"कुणाला विचारून?"

आईनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "सहमालकाला परवानगी लागत नाही मामा. काल तुम्हीच फळ्यावर लिहिलंत."

मामांनी टॉवेलनं गाल पुसला. चिडले नाहीत. "बरोबर आहे," असं त्यांनी शांतपणे म्हटलं, जणू मी तासाला उत्तर दिलं होतं.

"मग इतकी वर्षं दर पाडव्याला किल्ली का घेतलीत?"

"तिनं दिली, मी घेतली. माझा हक्क काय, असं तिनं मला कधी विचारलं नाही. विचारल्याशिवाय वकील सल्ला देत नाही."

"चाचांनी तरी कुठं विचारलं होतं?"

वर्गातलं, कोर्टातलं सगळं मराठी त्यांना त्या क्षणी सोडून गेलं असावं. "त्यो परका मानूस हाय!" ते ओरडले. "परक्याचा हक्क राखाय पायजे! आक्का काय परकी हाय व्हय? आक्का माझीच की!"

हे ते मायेनं बोलले. खोटं नव्हतं त्यात काही. तेच मला अजून गिळता येत नाही. लुबाडायचं म्हणून लुबाडलं असतं तर मी त्यांना केव्हाच विसरून गेले असते.

पुढं मामा त्यांच्या स्वभावाप्रमाणं वागले. म्हणजे अगदी बिनचूक. त्यांनी स्वतः खेटे घालून घराच्या उताऱ्यावर आईचं नाव चढवलं आणि नक्कल आमच्या दाराच्या फटीतून आत सरकवली. अंगण झाडताना ते अर्ध्यावर थांबू लागले. आईशी बोलणं बंद झालं. काही सांगायचं असलं तर मला सांगत. "तुझ्या आईला विचार, कौलं बदलायची आहेत, सहमालकांची संमती आहे का?" आई आतून ओरडायची, "हाय म्हणावं त्येला!" तर ते म्हणायचे, "संमती मिळाली." चटणी परत आली. वाटी तशीच, वर झाकलेला कागदही तसाच. लिंबूही नाही.

त्या वर्षी पाडव्याला आईनं खोली सोडली नाही. भाऊबीजेला मात्र तिनं पहाटे उठून सोप्यात रांगोळी काढली, पाट मांडला, ताट तयार केलं. मामा सकाळीच बाहेर पडले होते. आई निरांजनात तूप घालत दिवसभर बसून राहिली. दिवेलागणीला मामा आले. रांगोळीला पाय लागू नये म्हणून भिंतीच्या कडेकडेनं, धोतर सावरत, जपून आपल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. सोपा सामाईक होता ना. सहमालकाची रांगोळी विस्कटून चालणार नव्हती.

असं वर्षामागून वर्ष चाललं. आई वाळत चालली. मी म्हणायचे, आई, तू काही चूक केलेली नाहीस. ती म्हणायची, "मी कुठं म्हणतोय चूक केली?" आणि मशीन चालवायला लागायची. माझा राग मामांवर होता, पण खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला आईचाही राग यायचा. हक्क मिळाला, नाव चढलं, आणि ही बाई एका माणसाच्या बंद दाराकडं बघत बसते.

एका पाडव्याला मी कचेरीतून आले तर चाचांच्या पडवीत आमची ट्रंक. वळकटी, स्टोव्ह, मशीन, फोटो. आईनं सगळं एकटीनं वाहून नेलं होतं. ती पुढच्या सोप्यात मामांच्या समोर उभी होती. तळहातावर खोलीची किल्ली, आणि किल्लीशेजारी तो खिळा. तोही उपटून आणला होता. चाचा बावरून दारात उभे होते. साक्षीदार म्हणून तिनं त्यांनाही बोलावून घेतलं होतं.

"घे आप्पा," आई म्हणाली. "खोली मोकळी केलीया. उद्या वाटलं तर ताटात टाक, न्हाय वाटलं तर टाकू नगो. पर बोल माझ्यासंगं."

मामा किल्लीकडं बघत राहिले. त्यांचा हात गळ्यातल्या जुडीकडं गेला. मला वाटलं घेतील. देवाशप्पथ सांगते, त्या क्षणी ती किल्ली त्यांनी घ्यावी असं मलाही वाटलं.

"आक्का," ते म्हणाले, "सहमालकाला परवानगी देता येत नाही. दिली तरी ती हवेत जाते."

"मग माझा हक्कच काढून टाक की! लिवून घे. सोडतो मी. कुटं सही करू सांग."

"हक्कसोडपत्र? तुझ्यावर आत्ता दबाव आहे. भावनेचा. असला दस्त कोर्टात टिकत नाही. मी घेणार नाही."

आणि ते आत गेले. दार लागलं. चाचा कपाळावर हात मारून म्हणाले, "साहेब, येवढा कायदा शिकलासा, आनि..." मी आणि ते ट्रंक उचलून परत आणायला लागलो. आई मागून मोकळ्या हातानं आली. खिळा तिनं पुन्हा ठोकला नाही. वडील ट्रंकेवर बसले ते बसलेच.

मामा कोर्टाच्या पायऱ्यांवर कोसळून गेले. मृत्युपत्र नव्हतं. सगळ्या पेठेची मृत्युपत्रं लिहिणाऱ्या माणसाचं स्वतःचं नव्हतं. लग्न नाही, मूल नाही, आईवडील नाहीत, म्हणजे वारस बहीण. हे मी त्यांच्याच वर्गात शिकले होते, आणि हे त्यांनाही अर्थातच ठाऊक होतं. त्यावरून काही लोक म्हणतात, बघा, शेवटी सगळं बहिणीलाच ठेवलं, मनानं चांगला होता. ठेवलं वगैरे काही नाही. कायद्यानं जे होणार होतं ते झालं. उताऱ्यावर आईचं एकटीचं नाव आलं. बोळ तिचा, सोपा तिचा, मामांची खोली तिची. ती मात्र मागल्या खोलीतून हलली नाही. कुणी पुढची बाजू भाड्यानं देता का विचारलं तर सांगायची, "पुढं आप्पाची बाजू हाय. मला काय सांगता याचं न्हाय."

त्यानंतरच्या पाडव्याला दुपारी मी बाहेरून आले तशी ती माझ्याकडं आली. सामान चाचांच्या पडवीत गेलं होतं आणि खोलीला कुलूप घातलेलं होतं. तिनं माझ्या हातात किल्ली दिली.

"ही आजच्यापुरती तू ठेव," ती म्हणाली. "उद्या ताटात टाक."

मी तिला सगळं पुन्हा सांगितलं. मालक म्हणजे काय, वारस म्हणजे काय, आता तर सहमालकही उरला नाही. सांगता सांगता मी मामांसारखं बोट वर केलं होतं ते माझ्या ध्यानात आलं आणि मी गप्प झाले. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "कायद्यानं आसंल गं तसं."

दुसऱ्या दिवशी तिनं सोप्यात रांगोळी काढली. पाट मांडला. चाचांना हाक मारली. ते आता थकले होते, काठी टेकत बोळातून आले, चप्पल हातात घेऊन. आईनं निरांजन लावलं आणि रिकाम्या पाटाला ओवाळलं. मी ताटात किल्ली टाकली. न टाकून सांगते कुणाला?

आईनं किल्ली उचलली, पदराच्या टोकाला बांधली, आणि पाटाकडं बघून चाचांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आप्पाच्या परवानगीनं ऱ्हातो."